हाड

शेरीफच्या कचेरीत माझं काम लिहिण्याचं.
जप्त झालेलं सगळं माझ्या वहीतून जातं:
बंदुका, करवती, चोरीचे टायर,
एकदा तर शवपेटीचं अख्खं झाकण.
फेब्रुवारीत कुत्री आली. एकेचाळीस.

मिझुरीच्या या टोकाला, डांबरी रस्ता संपल्यावर,
व्हर्लिन ओक्सच्या कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये
एकावर एक रचलेले पिंजरे.
डेप्युटी लॉरीन स्टकीनं एकेक बाहेर आणलं
स्वतःच्या जाकिटात गुंडाळून,
जाकीट पुरेना तेव्हा गाडीतल्या पायपुसण्यांत.

काउंटीच्या जत्रेचं मैदान हिवाळ्यात ओस असतं.
तिथल्या गुरांच्या गोठ्यात त्यांना ओळीनं ठेवलं.
सरकारी वकील म्हणाले, हा पुरावा आहे,
कुणाला नावं ठेवायची नाहीत.
इंग्रजीत म्हणाले, म्हणून हसू दाबता आलं.
नावं तर मला ठेवायचीच होती,
पण ती ओक्सला.

पुरावा क्रमांक सतरा: मादी, पिवळट, वय अंदाजे चार.
वजन: हवं त्याच्या निम्मं.
गळ्यात साखळी. साखळीवर कातडी वाढलेली.
बरगड्या: मोजता येतात. मोजल्या.
शेजारी पट्टी धरून फोटो.

ती भिंतीकडे तोंड करून बसायची.
इंग्रजीतला कुठलाही शब्द कानावर पडला
की जमिनीला चिकटायची,
'गुड गर्ल' म्हटलं तरी.
मग मी मराठीत बोलू लागले.
यू यू, म्हटलं, ये गं, ये बाई.
कान हलला. एकच. डावा.

तशी या बाबतीत माझी भाषाही काही सोवळी नाही.
माणसाला खाली पाडायचं तर आम्ही त्याला कुत्रं म्हणतो.
हाकलताना म्हणतो हाड,
आणि पुढ्यात टाकतो तेही हाडच.
दगड उचलणाऱ्या हाताला जो शब्द
तोच ताटातलं उरलेलं देणाऱ्या हाताला;
जनावरानं समजायचं काय?
सतराच्या अंगावर तर जिकडेतिकडे तोच शब्द होता,
कातडीखालून वर आलेला.

स्टकी कमी बोलते.
दुपारी डबा घेऊन ती सतराच्या पिंजऱ्यात जायची,
तिच्याकडे पाठ करून बसायची,
सँडविचची कड मागे ठेवायची, न बघता.
नवव्या दिवशी कड गेली.
लिही, म्हणाली.
कुठल्या रकान्यात?

सुनावणीत ओक्सचा वकील म्हणाला,
पाणी होतं. प्रत्येक पिंजऱ्यात बादली होती.
स्टकी उठून गेली आणि बादली घेऊन आली,
पहिल्याच रात्री तिनं ती
जप्तीच्या फ्रीझरमध्ये ठेवली होती,
नमुन्याच्या बाटल्या सरकवून.
काठोकाठ भरलेली. बर्फानं.
आणि बर्फाच्या मधोमध एक खळगा,
गुळगुळीत,
जिभेच्या रुंदीचा.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला.
टेबलावर पाणी पसरू लागलं,
शिपाई घाईघाईनं कागद उचलत राहिला.
ओक्स त्या पाण्याकडे बघत होता.
आठव्या वर्षी स्टकीनं पहिलं पिल्लू त्याच्याचकडून घेतलं होतं,
दहा डॉलर आणि टोपलीभर पीच देऊन.
हे तिनं फार नंतर सांगितलं, गाडी धुताना,
पाइपाच्या आवाजात अर्धं ऐकू आलं.

वहीतली नोंद अशी:
क्रमांक सतरा, सुपूर्द. कोणाला: एल. स्टकी.
बादली, रिकामी केली.
नावाचा रकाना आमच्या फॉर्मात नाही.
समासात थोडी जागा सोडली आहे.

परवा तिच्याकडे गेले होते.
सतरा पोर्चखाली.
सूपातलं एक मी पिशवीत बांधून नेलं होतं,
ते पुढे करताना तोंडातून निघून गेलं, हाड,
आणि दचकले ती मीच.
ती पळाली नाही.
आलीही नाही लगेच.
अर्धी सावलीत, अर्धी उन्हात उभी राहिली,
डावा कान माझ्याकडे,
उजवा अजून रस्त्याकडे.